धाग्याचं दुसरं टोक

१

सकाळी चहाच्या आधी मी विजयमालाला गोळी देतो. ती गोळी जिभेवर ठेवते, पाणी पिते आणि पुन्हा तोंड उघडून मला जीभ दाखवते. ही सवय मीच लावली. वॉर्डात आम्ही सगळ्यांचीच जीभ बघायचो. बायकोची बघू नये हे मला कळतं. पण गोळी गालात दाबून ठेवणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की न बघता कप उचलणं मला जमत नाही.

मी मनोविकारांचा डॉक्टर. नागपूरला शिकलो, परदेशात शिकलो, मेडिकल कॉलेजात पोरांना शिकवलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास निवृत्त झालो आणि अड्याळला, माझ्या गावी, घर बांधून राहिलो. विजयमाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गात गोंगाट झाला की ती आवाज चढवत नसे, उतरवत असे. पोरं गप्प होत. मग हळूहळू तिचा आवाज उतरतच गेला. कोणी वारलं नव्हतं, काही घडलं नव्हतं. लोकांना आजाराला कारण लागतं. मलाही लागत होतं, आणि ते सापडत नव्हतं.

ती जेवायची, अंघोळ करायची, खिडकीशी बसायची. काही विचारलं तर "हं" म्हणायची. घरच्या माणसावर आपण उपचार करू नयेत म्हणून औषधं नागपूरचा माझा एक जुना विद्यार्थी लिहून द्यायचा. तो लिहायचा तेच, जे मी त्याला फोनवर सांगायचो. संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून, पेशंटला विचारतो तसं, तिला तिचं बालपण विचारायचो. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची.

२

पावसाळा लागून विहारात भंतेजींचा वर्षावास सुरू झाला तेव्हा रत्नाबाई आल्या. त्या आमच्या शेजारच्या, विहाराच्या महिला मंडळातल्या. पायरीवरूनच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मॅडमसाठी घरी परित्राणपाठ ठेवू. भंतेजी हाव म्हणाले."

"रत्नाबाई, तिचा आजार मेंदूचा आहे."

"मंग मेंदू काय घराबाहेर ठेवून बसते का माणूस? तोही बसंल न पाठाले."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. आयुष्यभर पेशंटचे नातेवाईक विचारायचे, साहेब, दर्ग्यावर नेऊ का, अंगारा लावू का. आणि मी म्हणायचो, न्या, लावा, फक्त गोळी सोडू नका. श्रद्धेचा उपचाराला आधार होतो, यावर मी मोठमोठ्या सभागृहांतून बोललो होतो. दुसऱ्यांच्या श्रद्धेबद्दल बोलणं सोपं असतं. आमच्या घरात सन छप्पन्नला माझ्या वडिलांनी कोनाड्यातले देव काढून वैनगंगेत सोडले, तेव्हापासून आमच्याकडे कोणाच्या अंगात आलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

पाठाच्या दिवशी पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. भंतेजींच्या आसनासमोर पाण्याचं मडकं. रत्नाबाईंनी पवनीच्या विणकरांकडून सुताची अख्खी लडी आणली होती. मडक्याला गुंडाळलेला धागा भंतेजींच्या हातातून निघतो आणि बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून पुढे जातो. शेवटच्या माणसानं टोक पाठ संपेपर्यंत धरून ठेवायचं, मग धागा तोडून प्रत्येकाच्या मनगटाला बांधायचा, अशी रीत.

शेवटचा मी होतो. मागच्या खोलीच्या दाराला टेकून बसलो होतो. पाठ मध्यावर आला आणि खिशातला फोन वाजला. आमच्या कीर्तीचा, पुण्याहून. लेकीचा फोन कापवला नाही. मी टोक दाराच्या कडीत अडकवलं आणि ओसरीवर गेलो.

परत आलो तेव्हा पाठ संपला होता, शेवटचं "साधू, साधू, साधू" होऊन मनगटं बांधणं चाललं होतं. रत्नाबाई हसत होत्या. "डॉक्टरसाहेब, तुमी त खोलीच्याच हातात देल्ला धागा!"

सगळे हसले. मीही हसलो आणि टोक काढायला वाकलो. कडीत काही नव्हतं. धागा दाराखालून आत गेला होता. मी जरासा ओढला. आला नाही.

"राहू द्या," कोणीतरी म्हणालं.

विजयमाला म्हणाली होती. "हं" सोडून दुसरा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याला किती काळ झाला होता, मला आठवेना. त्या आनंदात मी धागा तसाच सोडला.

३

थोड्याच दिवसांत ती वाक्यं बोलू लागली. "वांग्यात मीठ नाही." "तुमच्या शर्टाची गुंडी चुकली." कीर्तीनं फोन केला तो रडतच. "बाबा, आई हसली माझ्याशी! मी म्हटलं काय गं, तर म्हणे, तुझा आवाज जाड झाला."

"नवीन गोळी लागू पडली," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. वर्षावासाच्या आधी मी डोस बदलला होता. अशा औषधाला आठवडे लागतात. हिशेब बरोबर जुळत होता आणि मी तो सगळ्यांना सांगत होतो.

"पण गोळी त पयलेपासूनच होती न, साहेब?" रत्नाबाई म्हणाल्या.

"डोस बदलला."

"हाव, बदलला असंल," त्या म्हणाल्या. लहान पोराचं चित्र पाहून म्हणावं, तशा सुरात.

मला आनंद व्हायला हवा होता. दिवसा व्हायचाही. पण संध्याकाळ झाली की विजयमाला अंघोळ करून पांढरी साडी नेसायची, पुढच्या खोलीत वंदना म्हणायची, आणि मग मागच्या बंद दाराकडे तोंड करून बसायची. धागा मुठीत घ्यायची. आणि बोलायची.

माझ्या वाट्याला मीठ आणि गुंडी. तिथे सगळं.

मी ओसरीवर पेपर घेऊन बसायचो. एकदा ती सांगत होती, लहानपणी उन्हाळ्यात पवनीला वैनगंगेचं पाणी आटलं, तेव्हा चपला हातात घेऊन ती नदी चालत ओलांडून गेली होती. पलीकडे काहीच नव्हतं, म्हणे, वाळूच. तिथं थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगताना ती हसत होती. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. आणि मी तिला बालपण किती वेळा विचारलं होतं!

उत्तर ऐकू यायचं नाही. मी कान लावून ऐकलं. ऐकणं हा माझा धंदाच होता. भास होणारी माणसं मध्येच तुटतात, चिडतात, इकडेतिकडे बघतात. विजयमाला थांबायची ती एखादा चांगला प्रश्न विचारायला लागावा तेवढीच. मग म्हणायची, "हो, तसंच." ती बोलताना धागा फरशीवर पडलेला असायचा. ती थांबली की तो फरशीपासून जरासा उचलला जायचा.

वारा, मी मनाशी म्हणालो. लोडशेडिंग होतं. पंखा बंद होता.

४

बाजाराच्या दिवशी ती रत्नाबाईंबरोबर भाजी आणायला गेली. स्वतःच्या पायांनी बाजारात गेली, याचं कौतुक करायचं सोडून मी मागच्या खोलीचं दार उघडलं.

त्या खोलीत धानाच्या कोठ्या, तिची शाळेची पेटी आणि माझ्या दवाखान्यातल्या दोन खुर्च्या असतात. एक माझी फिरती खुर्ची, दुसरी पेशंटची, लाकडी. अड्याळला आलो तेव्हा फिरती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, लाकडी तिच्यावर पालथी, आणि वरून चादर.

लाकडी खुर्ची खोलीच्या मध्यावर ठेवलेली होती. दाराकडे तोंड करून. धागा दाराखालून येऊन खुर्चीच्या हातावर चढला होता आणि पलीकडे लोंबत होता. लोंबत्या भागाला एक गाठ. फिरती खुर्ची पार मागे, दोन कोठ्यांच्या मध्ये सरकलेली. तिथे अंधार होता. चादर खाली घडी घालून ठेवली होती. विजयमाला चादरीची घडी उभी घालते. ही घडी आडवी होती, कोपरे आत दुमडलेली, वॉर्डात घालतात तशी. मीच कधीतरी घातली असेल का? मी बराच वेळ उभा राहून आठवत राहिलो. आठवलं नाही, पण माझ्या वयाला न आठवणं हा पुरावा नव्हे.

मी लाकडी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. ती गार होती.

माझी निराशा झाली. सुटका वाटायला हवी होती, आणि मला निराशा वाटली. बैठक उबदार असती तर निदान रागवायला कोणीतरी मिळालं असतं.

५

"कोणाशी बोलतेस?" रात्रीच्या जेवणाला मी विचारलं.

"तुम्हीच त बसवलं न." ती मला वाढत होती. पुन्हा वाढायला लागली होती.

"मी?"

"शेवटचं टोक तुमच्याकडे होतं."

"आणि... काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही. विचारतात. मंग थांबतात."

"मीही विचारायचो, विजया."

तिनं पळी खाली ठेवली आणि खरोखरच विचार केला. ती प्रामाणिक बाई आहे. "हो. विचारायचे तुम्ही. पण उत्तर तुम्हाला आधीच माहीत राहायचं."

मग म्हणाली, "भात घ्या न अजून."

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेलो. भंतेजी वडाखाली बसून पेरू कापत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले. "डॉक्टरसाहेब, आम्ही आत्माच मानत नाही. मग तुमच्या खोलीत भूत कुठून आणून बसवू?"

"मग धागा का येत नाही बाहेर?"

"अटकला असंल कुठं. पाठ झाला की धाग्याचं काम झालं. कापून टाका, नदीत सोडा."

"आणि कापल्यावर ती पुन्हा गप्प झाली तर?"

ते पेरूची फोड हातात धरून थांबले. "ते तुम्ही डॉक्टर, तुम्ही सांगा. मी काही गोळी बंद करा म्हटलं नाही. बाई बऱ्या होऊन राहिल्या. कोणामुळं होऊन राहिल्या, याचा तुम्हाला काही फरक पडते का?"

"नाही," मी म्हणालो.

फोड त्यांनी मला दिली. गोड होती. विहाराबाहेर आल्यावर मी ती थुंकून टाकली.

६

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. विजयमाला अंघोळीला गेली आणि मी मागच्या खोलीत शिरलो. दार लावून घेतलं, लाकडी खुर्चीवर बसलो आणि गाठ मुठीत घेतली. एवढंच मनात होतं: आज ती जे सांगेल ते मला सांगेल. नकळत का होईना.

दारापलीकडे तिची वंदना ऐकू आली. मग धागा हलला. तिनं तो हातात घेतला होता.

"आहात न?" ती म्हणाली.

मी धागा हळूच उचलला. असंच करत असतील, असं मला वाटलं.

"आज ते ओसरीवर दिसत नाही," ती म्हणाली. "रोज ऐकत बसतात. कधी कधी पेपर उलटा राहते हातात. मले हसू येते. वाटते, म्हणावं, या न आत, बसा जवळ. पण आत आले की ते डॉक्टर होऊन येतात. मंग माझी जीभ उचलत नाही. त्यांचा काही दोष नाही. माणूस चांगला आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच उठायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं. उघडून तिच्याजवळ बसायला हवं होतं. पण मला अजून हवं होतं. तिनं दुसऱ्या कोणाला सांगितलेलं, माझ्याबद्दलचं, अजून.

"मग?" मी म्हणालो. वर्षानुवर्षं पेशंटला म्हणायचो त्याच सुरात.

दारापलीकडे सगळं शांत झालं. धागा सैल पडला.

आणि मग तो ओढला गेला. दाराच्या बाजूनं नाही.

माझ्या मुठीतली गाठ म्हणजे टोक नव्हतं. धागा गाठीतून पुढे निघून माझ्या खांद्यावरून मागे गेला होता. मागून कोणीतरी तो एकदा, हलकेच, ओढला आणि थांबलं. ते थांबणं मला ओळखीचं होतं. मी ते पोरांना शिकवलं होतं. शांतता भरून काढू नका, म्हणायचो; पेशंटला तिच्यात बसू द्या, तो आपणच बोलेल. फिरत्या खुर्चीचा तेल न घातलेला आवाज झाला, माणूस पुढे झुकला की होतो तो. उंदीर असेल, मी म्हणालो. कोठीचा पत्रा असेल. मी मागे बघितलं नाही.

मग मला माझाच आवाज ऐकू आला.

मी कोनाड्याचं सांगत होतो. वडिलांनी देव काढल्यावर भिंतीत तो रिकामा चौकोन राहिला होता. कोणी नसताना मी त्यात हात घालून बघायचो, मागे काही राहिलं आहे का. कधी कधी रात्री झोपेतही माझा हात तसा पुढे व्हायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, विजयमालालाही नाही. मी थांबलो की धाग्याला एक हलका हिसका बसायचा आणि प्रश्न काय आहे ते मला कळायचं. तसा प्रश्न मला कधीच कोणी विचारला नव्हता. मी स्वतःही कोणाला विचारला नव्हता.

दाराखालचा उजेड गेला तेव्हा मी उठलो. उठताना मान वळली.

कोठ्यांच्या मध्ये खुर्ची होती आणि खुर्चीत बसलेल्याचे गुडघे होते. गुडघ्यांवर हात, हातांत धागा. वर सगळा अंधार. एक हात थोडासा वर झाला. आजच्यापुरतं पुरे, असं सांगायला मी पेशंटसमोर करायचो, तसा.

७

बाहेर विजयमाला बसली होती. धागा मांडीवर सैल पडला होता. "झालं?" तिनं विचारलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. ती काही बोलली नाही. पुढच्या दिवसांत "झालं" गेलं, "राहू द्या" गेलं. कीर्तीचा फोन आला. "बाबा, आई पुन्हा नुसतंच हं म्हणते आहे. काय झालं?"

"डोस बदलावा लागेल," मी म्हणालो.

रोज संध्याकाळी ती पांढरी साडी नेसून धागा हातात घेऊन बसायची. तो फरशीवर पडून राहायचा. ती दाराकडे बघायची. दाराआड मी असायचो. रोज ठरवायचो, उद्यापासून खुर्ची रिकामी सोडायची, तिचं तिला परत द्यायचं. ती बरी होत होती आणि आता होत नव्हती, हे न कळायला मी अडाणी नव्हतो. पण खुर्ची रिकामी सोडली की ती बोलेल, आणि पलीकडचा तिचं ऐकेल. तसंच मन लावून ऐकेल. हे मला सहन होत नव्हतं. आधी तिला माझ्याऐवजी दुसरं कोणी मिळालं म्हणून जळत होतो. आता त्याला माझ्याशिवाय दुसरं कोणी असू नये म्हणून जळत होतो.

शेवटी मी कात्री घेऊन आत गेलो. भंतेजींनी कापा म्हटलं होतंच. गाठीच्या मागं कापलं असतं तर तो खुर्चीतला आम्हा दोघांपासूनही तुटला असता. मग कदाचित आम्हाला एकमेकांशीच बोलावं लागलं असतं. हे मला नीट कळत होतं. कात्री उघडी धरून मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही.

मी गाठीच्या पुढं कापलं. दाराच्या बाजूला.

गाठीकडचं टोक मी उजव्या मनगटाला बांधलं, पाठ संपल्यावर बांधतात तसं, आणि बाहेर आलो. धागा माझ्यामागे दारातून सरपटत आला.

विजयमाला तिच्याकडचा तुकडा ओढून घेत होती. आता तो सहज येत होता. बोटांवर गुंडाळता गुंडाळता तुटलेलं टोक तिच्या हातात आलं. तिनं ते उजेडाकडे धरून पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. रागावली नाही. तेच टोक तिनं माझ्यापुढं केलं.

"आता तुम्हीच धरा न," ती म्हणाली. किती दिवसांनी पूर्ण वाक्य. "मी सांगते. तुम्ही फक्त धरा."

मी डावा हात पुढं केला. माझी बोटं तिच्या बोटांना लागणार, तेवढ्यात उजवं मनगट मागून ओढलं गेलं. एकदाच, हलकेच. आणि मग ते थांबणं.

"धरतो," मी म्हणालो. "थोड्या वेळानं."

"हं," विजयमाला म्हणाली.